पेरोव्हस्काइटचं मिश्रण: उन्हात कोणतं टिकतं?

पेरोव्हस्काइट म्हणजे सौर सेलमध्ये उजेड शोषणारा स्फटिकी पदार्थ. असा सेल निवडताना कार्यक्षमतेचा आकडा नंतर बघा, आधी मिश्रण विचारा. मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड बनवायला सोपं, पण 85 अंश सेल्सिअसला त्यातला मिथाइलअमोनियम हळूहळू उडून जातो आणि काळपट थर पिवळा पडतो. तो पिवळेपणा म्हणजे मागे उरलेलं लेड आयोडाइड. छतावर लावायला हे बाद.

मिथाइलअमोनियमऐवजी फॉर्मामिडिनियम घेऊन त्यात 17 टक्के सीझियम घातलेलं मिश्रण बरंच दणकट. मात्र टँडमसाठी (एकावर एक रचलेल्या दोन सेलसाठी) बँडगॅप (पदार्थ शोषू शकेल अशी किमान प्रकाशऊर्जा) वाढवायला ब्रोमाइड घालत गेलात, तर उजेडात आयोडाइड वेगळं होऊन त्याचे पुंजके बनतात आणि व्होल्टेज पडतं. मिथाइलअमोनियमच्या थरात ब्रोमाइड 20 टक्क्यांपुढे गेलं की हा त्रास सुरू. अंधारात ठेवलं की थर बराचसा पूर्ववत होतो, त्यामुळे झटपट घेतलेलं एकच मोजमाप साफ फसवं.

नुसत्या '1000 तास टिकला' या दाव्यावर भाळू नका. 85 अंश, 85 टक्के आर्द्रतेची ती चाचणी अंधारात होते! उजेडात, कमाल शक्तीबिंदूवर (सेल सर्वाधिक वीज देतो त्या स्थितीत) धरलेल्या सेलचा आलेख मागा. काठाला ब्युटाइल रबराचं सील हवंच. आत ईव्हीए (सेलभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण) असेल तर त्यातून सुटणारं ॲसेटिक ॲसिड थराला बाधतं.