पॉवर बीआयमधील 'सिंक स्लायसर्स': एका पानावरची निवड साऱ्या पानांवर

एक्सेलमध्ये वर्षानुवर्षे पिव्होट टेबल (माहितीचा सारांश देणारा तक्ता) मांडणाऱ्याला स्लायसर, म्हणजे हव्या त्या नावावर टिचकी मारून आकडे गाळण्याची चौकट, नवा नाही. एक्सेल 2010 मध्ये तो आला आणि जोडणीच्या (आता 'रिपोर्ट कनेक्शन्स' नावाच्या) चौकटीत खुणा केल्या, की एकच स्लायसर वेगवेगळ्या शीटवरच्या अनेक पिव्होट टेबलांना लागू होऊ लागला. अट एवढीच, की त्या सर्व टेबलांचा पिव्होट कॅशे, म्हणजे त्यांच्यामागे साठवलेली माहिती, एकच असावा. अशी सवय असलेला माणूस पॉवर बीआयकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या अहवाल बनवण्याच्या साधनाकडे, वळतो, पहिल्या पानावर 'नाशिक' निवडतो, दुसऱ्या पानावर जातो आणि तिथे अवघ्या राज्याचे आकडे पाहून चक्रावतो. स्लायसर मुळात ज्या पानावर ठेवला त्या पानापुरताच असतो. पाने जोडण्याची 'सिंक स्लायसर्स' ही सोय मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी 2018 मध्ये दिली. विक्रीचा सहा पानी अहवाल सांभाळताना ती मी रोज वापरतो, आणि तिच्याविषयी माझे मत बरेचसे चांगले असले तरी निर्धास्त नाही.

'व्ह्यू' मेनूतून तिची पट्टी उघडते आणि निवडलेल्या स्लायसरसमोर अहवालातील सर्व पानांची यादी येते. प्रत्येक पानापुढे दोन रकाने असतात: एक गोल फिरणाऱ्या बाणांचा, म्हणजे या पानावर निवड लागू करायची का, आणि दुसरा डोळ्याच्या चिन्हाचा, म्हणजे या पानावर स्लायसर दिसू द्यायचा का. स्लायसर एका पानावरून दुसऱ्या पानावर नुसता कॉपी करून चिकटवला, तरी दोन्ही जोडायचे का, असा प्रश्न विचारला जातो. पट्टीतून नवीन पानावर आणलेला स्लायसर मूळ पानावर जिथे आणि जेवढा होता, तिथेच आणि तेवढाच अवतरतो. त्या जागी आधीच एखादा चार्ट असेल तर त्याच्यावरच बसतो. त्यामुळे प्रत्येक पानाची वरची पट्टी पहिल्यापासून स्लायसरसाठी मोकळी ठेवावी. पुढे एका पानावर त्याचा रंग वा अक्षरे बदलली, तर ती इतर पानांवर आपोआप बदलत नाहीत. जोडली जाते ती निवड, सजावट नव्हे.

लागू करणे आणि दाखवणे हे दोन निर्णय वेगळे ठेवले, हे या रचनेतले खरे शहाणपण आहे. सारांशाच्या पानावर विभाग, वितरक आणि आर्थिक वर्ष असे तीन स्लायसर मांडावेत आणि आतल्या पानांवर तीच निवड लागू ठेवून चार्टसाठी जागा मोकळी करावी, असा मोह कोणालाही होईल. मलाही झाला. 'उद्दिष्टे' या पानावर मी विभागाचा स्लायसर लागू ठेवला, पण डोळा बंद केला. बैठकीपूर्वी कोणीतरी सारांशावर 'नाशिक' निवडून ठेवले होते, आणि मोठ्या पडद्यावर 'राज्याचे वार्षिक उद्दिष्ट' या शीर्षकाखाली एकट्या नाशिक विभागाचा आकडा झळकला. "यंदा टार्गेट एवढं कमी कुणी केलं?" या साहेबांच्या प्रश्नावर खुलासा करता करता माझी पाच मिनिटे गेली. चूक सर्वस्वी माझी होती. चार्टच्या कोपऱ्यातील फिल्टरच्या चिन्हावर माउस नेला, की त्या चार्टवर कोणकोणते फिल्टर चालू आहेत ते दिसते; परंतु बैठकीत बसलेल्या माणसाने ते चिन्ह शोधावे, ही अपेक्षा रास्त नाही.

त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला: ज्या पानावर डोळा बंद, त्या पानाच्या शीर्षकाखाली चालू निवड लिहिलेली असलीच पाहिजे. डॅक्स या पॉवर बीआयच्या सूत्रभाषेतील 'सिलेक्टेडव्हॅल्यू' हे फंक्शन त्यासाठी पुरते. एकच विभाग निवडलेला असेल तर ते त्याचे नाव देते आणि एरवी आपण सांगू तो मजकूर; मी तिथे 'सर्व किंवा अनेक विभाग' असे लिहितो. एखाद्या आकड्याला ती निवड लागू नको असेल, तर स्लायसर क्षणभर दिसता करावा, 'एडिट इंटरॅक्शन्स'मध्ये त्या आकड्यापुरता त्याचा परिणाम बंद करावा आणि मग पुन्हा लपवावा.

सगळेच जोडावे असेही नाही, आणि इथे साधनापेक्षा हिशेबाची समज अधिक लागते. विक्री ही कालावधीची असते, तर थकबाकी आजअखेरची असते. एप्रिल ते जून हा निवडलेला कालावधी थकबाकीच्या पानावर तसाच लागू झाला, तर त्या तीन महिन्यांतल्या बिलांचीच बाकी दिसेल आणि मार्चपूर्वीची अडकलेली रक्कम, जिची खरी काळजी असते, ती नाहीशी होईल. अशा वेळी 'सिंक स्लायसर्स'च्या पट्टीतील प्रगत पर्यायांत स्लायसरला देता येणारे गटाचे नाव उपयोगी पडते. एकाच रकान्याचे स्लायसर दोन वेगळ्या गटांत ठेवता येतात, म्हणजे विक्रीची चार पाने आपसात जोडलेली राहतात आणि थकबाकीचे पान आपल्या तारखेने चालते. भिन्न रकान्यांचे स्लायसर एका गटात घालण्याचीही मुभा आहे. मला तिची गरज क्वचितच पडली.

पुष्कळांची तक्रार असते, की स्लायसर जोडूनही आकडे हलत नाहीत. अशा वेळी बहुधा दोष स्लायसरचा नसून मांडणीचा असतो. विक्रीच्या टेबलातला 'विभाग' आणि थकबाकीच्या टेबलातला 'विभाग' हे नावाने एक असले तरी दोन वेगळे रकाने आहेत. विभागांचे एक स्वतंत्र टेबल करून ते दोन्हींशी जोडावे आणि स्लायसर त्या टेबलातूनच घ्यावा. तारखांचेही तसेच: आपोआप तयार होणारी तारखांची उतरंड जानेवारी ते डिसेंबर धरून चालते, म्हणून '2024-25' अशा आर्थिक वर्षांचा रकाना असलेले तारखांचे टेबल स्वतः करावे लागते.

अहवाल ऑनलाइन प्रकाशित केल्यावर वाचकाने केलेली निवड सामान्यतः त्याच्यापुरती जपून ठेवली जाते. काल कोकण विभाग पाहून बंद केलेला अहवाल आज कोकणावरच उघडतो, आणि स्लायसर जोडलेले असल्यामुळे जोडलेल्या सर्व पानांवर कोकणच असते. मूळ स्थितीवर नेण्याचे बटण वर असते. वाचकांना ते पहिल्याच दिवशी दाखवून द्यावे.

फिल्टर पट्टीत 'सर्व पानांसाठी' असा फिल्टर लावूनही निम्मे काम होते. रद्द झालेली बिले वगळण्यासारख्या, वाचकाने हातच लावू नये अशा अटींसाठी मी तोच वापरतो. तो कुलूपबंद करता येतो आणि लपवताही येतो. जोडणीची हद्द मात्र एका अहवालापुरतीच आहे. विक्रीचा आणि खरेदीचा असे दोन स्वतंत्र अहवाल असतील तर त्यांचे स्लायसर एकमेकांशी जोडता येत नाहीत, आणि डॅशबोर्डवर, म्हणजे अहवालाबाहेरच्या एकत्रित फलकावर, टाचलेल्या सुट्या चार्टलाही ते लागत नाहीत. ही सोय पॉवर बीआय डेस्कटॉपच्या विनामूल्य आवृत्तीतच मिळते, त्यामुळे पैसे न भरता ती पूर्ण तपासून पाहता येते. फक्त संगणक विंडोजचा हवा.