हरणांच्या सीझनसाठी बांधलेलं बंदिस्त मचाण: एक हिवाळा वापरल्यावर

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणांच्या शिकारीचा सीझन नऊ दिवसांचा. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो, आणि तेवढ्यात पाऊस, भुरभुर बर्फ, बोचरा वारा, उणे १० सेल्सिअस असं सगळं वाट्याला येऊ शकतं. उघड्या ट्री स्टँडवर (झाडाला बांधलेल्या छोट्या बैठकीवर) दोन तासांत पायाची बोटं बधिर होतात, मग माणूस चुळबुळतो, आणि चुळबुळ दिसली की हरीण पांढरी शेपटी वर करून पसार. म्हणून गेल्या सप्टेंबरात, ज्यांच्या रानात आम्ही जातो त्या निवृत्त शेतकरी आजोबांच्या परवानगीने, जुन्या स्टँडच्या जागी चार खांबांवर दहा फूट उंचीचं बंदिस्त मचाण उभं केलं. आता मे संपत आलाय. पावसाळी वसंतही बघून झाला, तेव्हा लिहायला हरकत नाही.

(भारतातल्या नातेवाइकांसाठी: तिकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच असावी. इथे पंधरा लाखांवर पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत, परवाना आणि टॅग (मारलेल्या हरणामागे लागणारी अधिकृत चिठ्ठी) घेऊनच शिकार होते, आणि १ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्याला आधी सुरक्षेचा कोर्स करावा लागतो.)

माप ४ बाय ६ फूट. ते ठरवलं चटईने. घोड्यांच्या तबेल्यात घालतात ती पाऊण इंची रबरी चटई इथल्या शेतीच्या दुकानात ४ बाय ६ मध्ये मिळते, म्हणजे कापाकापी नाही. वजन पंचेचाळीस किलोच्या घरात. वर चढवताना दोघांना दरदरून घाम फुटला. पण पूर्ण बांधकामात पैसे वसूल झाले ते हिचेच. बूट घासला, थर्मास निसटला, खुर्ची सरकली, तरी बाहेर हूं की चूं नाही.

नेटवरचे बरेचसे आराखडे झाडालाच पाचवा खांब धरतात आणि छपराला खोडाएवढं भोक पाडून भोवती रबर आवळायला सांगतात. कोरड्या प्रदेशात चालत असेल. झाड वाऱ्याने डुलतं आणि दरवर्षी जाड होतं, त्यामुळे तो सांधा सुटणारच. शिवाय पावसात ओकच्या खोडावरून पाण्याचे ओहोळ उतरतात आणि त्या खाचाखाचांच्या सालीवर कुठलंही सीलंट टिकत नाही. आम्ही खोड बाहेरच ठेवलं, छपरापासून चांगलं हातभर लांब. झाडाचा उपयोग फक्त मचाणाची आकृती पाठीमागून लपवायला. छप्पर प्लायवूडचं, वर ईपीडीएम (छपरावर घालतात त्या) रबराचा एक अखंड तुकडा, उतार मागे आणि चारी बाजूंना आठ इंच वळचण. पत्रा स्वस्त पडला असता, पण ओकखाली पत्रा म्हणजे ऑक्टोबरभर वरून एकोर्नचा, म्हणजे ओकच्या टणक फळांचा मारा. प्रत्येक फळ पडलं की आपणच दचकतो. रबरावर नुसतं ‘थप’ होतं. वसंतातल्या वादळी पावसातही छपरातून थेंब आला नाही. त्या बाबतीत दहापैकी दहा.

खिडक्यांना दहापैकी सहा. सरकत्या अक्रिलिकच्या खिडक्या मुद्दाम टाळल्या, कारण खाचेत पाणी शिरतं, रात्री गोठतं आणि पहाटे ती सुरीने खरवडून उघडावी लागते. आमची खिडकी वरच्या बिजागरीवर आत उचलायची आणि दोरीने छताला अडकवायची. काच म्हणून पॉलिकार्बोनेट: थंडीत तडकत नाही, पण ओरखडे पटकन पडतात. बाहीने दव पुसत राहिलो आणि सीझनअखेर उजवीकडची खिडकी धूसर झाली. चौकटीला दुकानातली फोमची पट्टी होती. ती ओलसर होऊन फळीला चिकटून गोठायची आणि पहाटे खिडकी उचलली की कापड फाटल्यासारखा चर्रर्र आवाज. साठ-सत्तर यार्डांवरची मादी त्या आवाजाला मान वर करून, कान पुढे टाकून इतका वेळ बघत राहिली की आम्ही डोळे मिचकावायलाही भ्यायलो. दुसऱ्या दिवशी फोम उपटून जाड नमद्याची पट्टी ठोकली. तेव्हापासून गप्प.

पण खरी लढाई आतल्या पाण्याशी झाली. भिंतींना एक इंची फोमशीट, प्रत्येक फट बुजवलेली, वर प्रोपेनचा छोटा हीटर. अर्ध्या तासात जाकीट काढावं इतकी ऊब, आणि तासाभरात खिडक्या आतून पांढऱ्या! हिशेब साधा आहे. एक किलो प्रोपेन जळला की एक किलो सहाशे ग्रॅमच्या आसपास पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. म्हणजे ती साडेचारशे ग्रॅमची हिरवी टाकी संपेपर्यंत एवढ्याशा खोलीत पाऊण लिटर पाणी आपणच ओततो, दोघांचे श्वास वेगळे. ते पाणी गार पॉलिकार्बोनेटवर, स्क्रूच्या डोक्यांवर, दुर्बिणीच्या भिंगावर बसतं. भिंत जितकी घट्ट, तितकं वाईट.

उपाय निघाला तो कुणाला फारसा पटत नाही: बंदिस्त मचाणाला कायमची भोकं ठेवायची. एक पट्टी दाराच्या तळाशी, वाऱ्याच्या आडोशाला. दुसरी समोर वळचणीखाली, अगदी वर. ओली हवा वरून निघून जाते. आपला वासही तिच्यातून जातो हे खरं, पण खिडकी उघडली की तो जाणारच असतो. वारा बघून बसणं चुकत नाही. हीटर आता फक्त उजाडायच्या आधी थोडा वेळ लावतो, पुढे बॅटरीवर गरम होणारं जाकीट आणि पायांवर स्लीपिंग बॅग. ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होणाराच हीटर घ्यावा आणि जोडीला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म टांगावा. यात काटकसर नको.

वाऱ्याची वाट ठेवली की पाहुणे येतात. इकडे शरद ऋतूत आशियाई ढालकिडे ऊब शोधत शेकड्यांनी घुसतात, आणि चिरडले की घाण वास सोडतात. वसंतात गांधीलमाश्या. भोकांना बारीक लोखंडी जाळी मारल्यावर दोन्ही आटोक्यात आले. उंदरांनी मात्र कोपऱ्यातला फोम कुरतडलाच. तिथे आता पत्र्याची पट्टी आहे.

खांब आम्ही खोल गाडले नाहीत. खडीवर ठेवून चार बाजूंना जमिनीत पिळायच्या अँकरनी तारा ताणल्या. वाऱ्यात डगमग नाही. पण इथली जमीन हिवाळ्यात तीन-चार फूट खोल गोठते आणि फुगते. मार्चमध्ये बर्फ वितळताना मागचा डावा पाय वर आला, चौकट तिरकी झाली आणि दार अडकू लागलं. जॅक लावून पातळी साधली, आणि हे दर वसंतात करावं लागेल असं धरूनच चाललोय.

जिन्याच्या पायऱ्यांवर छपराच्या शिंगल्सचे खरखरीत तुकडे ठोकलेत. गोठलेल्या लाकडापेक्षा लाखपट बरे. मचाण बंदिस्त असलं तरी चढता-उतरताना हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) हवाच, आणि बंदूक रिकामी करून दोरीने वर ओढायची.

तयार फायबरग्लासचे डबे मिळतात, दीड-दोन हजार डॉलर आणि त्यापुढे. आमचं सामान आठशेच्या आत बसलं, त्यात खांब जुन्या कुंपणाचे फुकट. ज्याला सुट्टीचे शनिवार-रविवार जीव की प्राण आहेत त्याने सरळ विकत घ्यावा; कुजत नाही, ट्रॅक्टरने हलवता येतो. मात्र आतल्या वाफेचा घाम त्यालाही फुटतो.

सीझनमध्ये एक मादी मिळाली. या राज्यात २००२ पासून हरणांमध्ये सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग आहे, त्यामुळे नमुना देऊन अहवाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये ठेवलं. अहवाल चांगला आला आणि मग बायकोने कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला. इथले मित्र त्याला ‘चिली’च (इथला मांसाचा तिखट रस्सा) म्हणतात.

या उन्हाळ्यात दार आत उघडणारं करायचंय, कारण दारापुढच्या कट्ट्यावर बर्फ साचला की बाहेर ढकलताच येत नाही. आणि कुणी बांधणार असेल तर खिडकीच्या उंचीचं माझं ३२ इंचांचं माप उचलू नये. आपली खुर्ची ठेवून, जाड कपडे घालून, कोपर टेकवून बघावं आणि मगच करवत लावावी.