नऊ हजाराचा ऑनलाइन मेटल डिटेक्टर, अकोटकडच्या काळ्या मातीत

मशीन चांगली आहे, पण आमच्या तालुक्यात ही मशीन कोणी खिळे शोधायला घेत नाही ना भाऊ, सगळ्यांच्या डोक्यात नागपूरकर भोसल्यांचा खजिना. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावजवळ इंग्रज सेनापती वेलस्लीनं भोसल्यांची फौज मोडली अन् १५ डिसेंबरला गाविलगड किल्ला पाडला, एवढं खरं. त्याच्या पुढचं सगळं पारावरचं, की पळता पळता उंटावरचं सोनं इथंच कुठंतरी सात हात खोल पुरलं म्हणे. आमचे रिटायर मास्तर म्हणतात, "चांदण्यात मागं घोडदळ लागलं होतं राजेहो, खड्डा खंदत कोण बसते?" काका ऐकत नाहीत. "मशीन उगाच बोंबलते का बे?"

तर हो, उगाच बोंबलते. आपली काळी माती बसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइट म्हणजे लोखंडाचंच खनिज असते, त्यानं मशीन कोऱ्या वावरातही टुंई टुंई करते. ग्राउंड बॅलन्सचं, म्हणजे मातीचा आवाज दाबायचं, बटण दाबून कॉइल, म्हणजे खालची गोल तबकडी, जमिनीवर वरखाली पंप करायची, आवाज शांत झाला की मगच चालायचं, अन् ओली माती सुकली की परत तेच. पुस्तिकेत हे एका ओळीत उरकलंय, तेही चिनी वळणाच्या इंग्रजीत. दुसरं म्हणजे डब्यावर तीन मीटर लिहिलंय, ते सोडून द्या. नाण्याएवढी वस्तू वीतभर खोल सापडते, हंड्याएवढं काही असलं तर मीटरभर. सात हाताचं कोणीच सांगू शकत नाही.

सोनं वेगळं दाखवते हाही जाहिरातीतलाच फेकूपणा. गुटख्याच्या पुडीची चांदी अन् बारीक अंगठी स्क्रीनवर जवळपास एकाच आकड्यावर येतात, अन् आमच्या धुऱ्यावर पुड्या किती ते विचारू नका. बाकी बैलाचे नाल, वखराची मोडकी पास, नटबोल्ट, सगळं बरोब्बर काढते.

शहरातल्या एका दुकानदारानं काकांना दोन सळयांचं "लाँग रेंज" यंत्र लाखभराला दाखवलं, म्हणे शंभर मीटरवरून सोन्याकडं वळते. त्याच जातीचं एडीई ६५१ बॉम्ब शोधायला म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये इंग्लंडात १० वर्षांची जेल झाली, त्या यंत्राच्या आत कामाचं काहीच नव्हतं. हे काकांना सांगितलं तर म्हणे ते बॉम्बचं होतं, हे सोन्याचं आहे.

त्याच साली उन्नावच्या डौंडिया खेड्यात एका साधूच्या स्वप्नावरून पुरातत्त्ववाल्यांनी खोदलं होतं, १८५७ मध्ये इंग्रजांशी लढलेल्या राजाचं हजार टन सोनं म्हणे, निघाली खापरं अन् बांगड्यांचे तुकडे. मास्तरांचं म्हणणं तिथंच विषय संपला. काकांचं म्हणणं, टीव्हीवाल्यांची गर्दी पाहून सोनं सरकलं. सरकणाऱ्या सोन्यावर कोणत्या कंपनीची मशीन चालन?

गाविलगडावर मशीन नेऊ नका, संरक्षित किल्ला आहे, केस होईन. अन् स्वतःच्या वावरात पुरलेलं धन निघालं तरी १८७८ च्या कायद्यानं १० रुपयांच्या वरचं असलं की कलेक्टरला कळवावं लागते.

बॅटरी दिवसभर पुरते, हाताचा पट्टा मात्र एकदम फालतू, लवकरच तुटला, सुतळीनं बांधलाय. मातीत दबलेला पाइपलाइनचा व्हॉल्व्ह किंवा रोटाव्हेटरचं पडलेलं पातं शोधायला घ्यायची तर बिनधास्त घ्या. पाचपैकी साडेतीन.