व्याकरणाच्या कार्डांचा डबा: आठ महिने वापरल्यावर

लेक यंदा दहावीला. जूनमध्ये पुण्यात अप्पा बळवंत चौकात वह्या घ्यायला गेलो आणि येताना मराठी व्याकरणाच्या १२० कार्डांचा डबाही घेऊन आलो. ३५० रुपये. पुढे संज्ञा, मागे व्याख्या, एक उदाहरण आणि तळाशी लाल अक्षरांत 'ओळखण्याची खूण'. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. असे डबे तीन-चार जणांचे मिळतात आणि आतला माल थोडाफार सारखाच असतो.

पैसे वसूल झाले ते समासात. समाहार द्वंद्वाची व्याख्या मला स्वतःला दोनदा वाचावी लागली. पण दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी पाहुण्यांना विचारलं, "चहापाणी झालं का?" आणि लेक आतून ओरडली, "समाहार द्वंद्व!" पाहुणे दचकले. चहापाण्यात नुसता चहा आणि पाणी नसतं, चिवडा-बिस्किटंही त्यातच आली, हे तिला कायमचं समजलं. नीलकमल आणि नीलकंठ ही दोन कार्डं शेजारी मांडली तेव्हाही तसंच. कमळ निळंच, म्हणून कर्मधारय. नीलकंठ म्हटल्यावर मात्र आपण गळ्याबद्दल बोलत नसतो, ज्याचा तो गळा त्या शंकराबद्दल बोलतो, म्हणून बहुव्रीही.

वृत्तांची कार्डं नुसती वाचून काही हाती लागलं नाही. तीन-तीन अक्षरांचे गण लक्षात ठेवायचं सूत्र, 'यमाताराजभानसलगं', तिने पाठ केलं, पण ओळ समोर आली की गाडी अडायची. शेवटी सासूबाईंचे मनाचे श्लोक कामाला आले. लघूला (ऱ्हस्व अक्षराला) टिचकी, गुरूला (दीर्घ अक्षराला) टाळी, असं ठरवलं. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे': म टिचकी, ना टाळी, स टाळी. 'स' ऱ्हस्व असून टाळी का? पुढच्या 'ज्ज'चा आघात त्याच्यावर येतो म्हणून. टिचकी-टाळी-टाळी चार वेळा, म्हणजे चार 'य' गण, १२ अक्षरं, भुजंगप्रयात. सासूबाईंना ही ओळ साठ वर्षं तरी पाठ असेल. हे भुजंगप्रयात आहे असं सांगितल्यावर "असेल बाई," म्हणून त्यांनी पुढचा श्लोक धरला.

याच गठ्ठ्यात छपाईची चूक निघाली. मंदाक्रांतेचे गण 'म भ न त त य ग' असे छापलेत. वर मात्र १७ अक्षरं म्हटलंय. लेकीने मोजली (गणाची तीन-तीन, 'ग'चं एक) तर १९ भरली. हवं होतं 'म भ न त त ग ग'. डब्यावरच्या नंबरवर फोन केला. "पुढच्या आवृत्तीत बघतो" एवढंच उत्तर मिळालं. ३५० रुपयांत एवढी चूक नको होती.

पण माझी खरी तक्रार त्या लाल खुणेबद्दल आहे. उत्प्रेक्षेची खूण: जणू, गमे, वाटे, भासे, की. झालं! मी सहज म्हटलं, "मला वाटतं आज लाइट जाणार," तर उत्तर आलं, "उत्प्रेक्षा." अगं, उपमेय (ज्याची तुलना करायची ते) कुठलं, उपमान (ज्याच्याशी करायची ते) कुठलं? खूण शोधायची सवय लागली की मुलं वाक्य वाचतच नाहीत. मग मी घरचीच वाक्यं वापरायला घेतली. तुझी खोली गोदामासारखी झालीय: उपमा. तुझी खोली जणू गोदामच: उत्प्रेक्षा. ही खोली नाहीच, गोदाम आहे: अपन्हुती. रागवायचं ते रागवून झालं आणि तीन अलंकारही झाले.

प्रयोगात तर खुणेने दगाच दिला. कर्तरीत क्रियापद कर्त्यामागे चालतं. कार्ड म्हणतं, कर्त्याला 'ने' लागला की कर्तरी नाही. घटक चाचणीत 'मी पोळी खाल्ली' आलं. 'ने' दिसला नाही, हिने कर्तरी ठोकून दिलं, गुण गेले. 'मी' आणि 'तू' यांना तृतीयेत 'ने' लागतच नाही, हे कार्डावर कुठेही नाही. आता आम्ही खूण बघत नाही, कर्म बदलून बघतो. मी लाडू खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी भरीत खाल्लं: क्रियापद कर्मामागे चाललंय, म्हणजे कर्मणी. 'तू पोळी खाल्लीस' हे वाक्य त्याहून मजेदार. त्यातली 'ली' पोळीची आणि 'स' तुझा. त्याचं नाव कर्तृ-कर्मसंकर, आणि त्याचं कार्डच नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठी व्याकरण लिहिलं हे सांगणारं कार्ड मात्र आहे. छान आहे, पण परीक्षेत कोण विचारतंय?

रसग्रहणासाठी डबा निरुपयोगी. नऊ रसांची नऊ कार्डं आहेत. पण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये या मुद्द्यांखाली नेमकं काय लिहायचं यावर अवाक्षर नाही. ते शाळेतल्या बाईंकडूनच करून घेतलं.

कार्डांचा कागद बरा आहे, कोपरे मात्र दिवाळीपर्यंतच उलले. डब्याचं झाकणही गेलं, सध्या रबरबँड.

घ्यायचा असेल तर आठवीला किंवा नववीला घ्या, दहावीच्या जूनमध्ये उशीर होतो. आणि पहिल्याच दिवशी लाल खुणेवर पांढरी पट्टी चिकटवा. आमच्याकडे आता मूळची वीसेक कार्डंच टेबलावर असतात. बाकीची जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लेकीने स्वतः लिहिलीत. डबा मार्चनंतर धाकट्या भाच्याकडे जाणार आहे. मंदाक्रांतेचं कार्ड पेनाने दुरुस्त करून ठेवलंय.