‘आहे मनोहर तरी’ : पुलंप्रेमींनी घ्याच, पण हसायला म्हणून नको

सुनीताबाई देशपांड्यांच्या आठवणींचं हे पुस्तक जुनंच आहे, १९९० साली मौज प्रकाशनानं काढलेलं, पण ज्यांनी अजून वाचलं नाही त्यांच्यासाठी लिहितेय. पुलंच्या बायकोचं पुस्तक म्हणजे बटाट्याच्या चाळीसारखे किस्से असतील असं समजून मागवू नका, निराश व्हाल. सुनीताबाई आठवेल तसं लिहीत जातात, साल-तारखेचा क्रम नाही, त्यामुळे सुरुवातीला जरा धीर धरावा लागतो.

लग्नाचा भाग मात्र काय सुंदर लिहिलाय! १२ जून १९४६, रत्नागिरी, रजिस्टर लग्न, एकूण खर्च फॉर्मचे आठ आणे आणि तेही बाईंनीच दिलेले, आणि मुळात त्यांना लग्नाचं बंधनच नको होतं, आग्रह सगळा भाईंचा, म्हणजे पुलंचा. पुढे मग करार, हिशोब, प्रयोगांची व्यवस्था, गाडी चालवणं, घर, सगळं त्यांच्यावर आणि भाई आपले गाण्यात, पेटीवर, मित्रांच्यात रमलेले. ज्या माणसानं अख्ख्या महाराष्ट्राला स्वतःकडे बघून हसायला शिकवलं त्याला घरातल्या या कडक, काटेकोर, स्वतःलाही सूट न देणाऱ्या बाईला तो हलकेपणा काही देता आला नाही, आणि आपल्यासाठी कोण किती राबतंय याकडे मान वळवून बघायला त्यालाही कुणी शिकवू शकलं नाही. हे वाचताना खूप त्रास होतो, खरंच. पुस्तक आलं तेव्हा पुलंना कमीपणा आणला म्हणून लोक चिडले होते, मला ते अजिबात पटत नाही, कारण बाई स्वतःचे दोषही तितक्याच कठोरपणे मांडतात आणि भाईंचं निर्मळपण कुठेही नाकारत नाहीत.

कविता मात्र दोघांची एकच. बोरकरांच्या, मर्ढेकरांच्या कविता नवरा-बायकोनं मिळून लोकांना वाचून दाखवल्या. आणि देणंही एकच, पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभं राहिलं तेव्हा सुरुवातीची मोठी मदत यांचीच होती. म्हणजे पैसा हातातून सोडायचा कसा हे त्या घरात कुणाला शिकवावं लागलं नाही.

माझ्याकडून पाचपैकी पाच. लग्नाला थोडी वर्षं झालेल्या जोडप्यांनी तर दोघांनीही वाचावं, एकानंच वाचून दुसऱ्याला ऐकवू नये. आवडलं तर पुढे जी. ए. कुलकर्णींना त्यांनी लिहिलेली पत्रं घ्या, ‘प्रिय जी. ए.’, त्यात बाई जास्त मोकळ्या वाटतात.