मायदेशी सत्ता उलथली, तर राजदूतानं काय करावं?

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत सेवांच्या पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा वर टाकायची की खाली, या विचारात असलेल्यांनी पगार, पोस्टिंग आणि मुलांच्या शाळा यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न मनाशी सोडवून ठेवावा. आपण परदेशात असताना मायदेशातलं सरकारच उलथलं, तर आपण कुणाचे प्रतिनिधी? आपल्याकडे ही वेळ आलेली नाही, पण शेजारी देशांतल्या अधिकाऱ्यांवर ती पुन्हा पुन्हा आली आहे.

म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्करानं सत्ता घेतली. संयुक्त राष्ट्रांतले राजदूत च्यॉ मो तुन यांनी २६ फेब्रुवारीला आमसभेत लष्कराविरुद्ध भाषण केलं आणि शेवटी निषेधाची खूण म्हणून तीन बोटं उंचावली. दुसऱ्याच दिवशी लष्करानं त्यांना बडतर्फ केल्याचं जाहीर केलं, तरी त्यांची खुर्ची टिकली. लंडनमधले राजदूत च्यॉ झ्वार मिन यांनी मार्चमध्ये लष्करानं अटक केलेल्या नेत्या आंग सान सू ची यांच्या सुटकेची मागणी केली. ७ एप्रिलला त्यांच्याच सहकाऱ्यांनी त्यांना दूतावासाबाहेर ठेवून दार लावून घेतलं आणि ती रात्र त्यांनी रस्त्यावर, गाडीत काढली.

दोघांचं धैर्य सारखंच होतं. फरक पडला तो जागेमुळे. न्यूयॉर्कमध्ये कुणाचं अधिकारपत्र ग्राह्य धरायचं हे आमसभा ठरवते आणि म्यानमारपुरता तो निर्णय तिथं वारंवार पुढे ढकलला गेला. म्हणून जुने राजदूत बसून राहिले. दूतावासाचं तसं नसतं. १९६१च्या व्हिएन्ना करारानुसार, पाठवणाऱ्या देशानं 'यांचं काम संपलं' असं कळवलं की राजदूतपद संपतं. ब्रिटननं लष्कराच्या वागणुकीचा निषेध केला, पण कळवलेला निर्णय मान्य केला. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. उघड बंड करण्याआधी आपल्याला मान्यता देण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे, ते पाहावं लागतं.

१९७१ मधल्या पाकिस्तानी वकिलातींची तुलना याहून बोलकी आहे. दिल्लीत के. एम. शहाबुद्दीन आणि अमजदुल हक या दोन बंगाली अधिकाऱ्यांनी ६ एप्रिललाच पाकिस्तानची नोकरी सोडली. तेव्हा बांगलादेशचं हंगामी सरकारसुद्धा स्थापन झालेलं नव्हतं. पगार कोण देणार, पासपोर्ट कुणाचा, काहीच ठाऊक नाही! कोलकात्यातले उपउच्चायुक्त हुसेन अली थोडे थांबले. १७ एप्रिलला मुजीबनगरमध्ये बांगलादेशच्या हंगामी सरकारनं शपथ घेतली आणि १८ तारखेला त्यांनी आपल्या बंगाली सहकाऱ्यांसह अख्खं कार्यालयच नव्या देशाच्या नावे केलं, इमारतीवर झेंडा चढवला. वॉशिंग्टनमधले बंगाली अधिकारी सामुदायिकरीत्या बाहेर पडले ते ऑगस्टमध्ये.

नैतिक मान मी शहाबुद्दीन आणि हक यांना देईन. पण कुणी सल्ला विचारला तर कोलकात्याचा मार्ग सांगेन. सहकारी सोबत असतील तर इमारत, कागदपत्रं, शिक्के सगळं हाती राहतं. लंडनमध्ये नेमकं तेच निसटलं. अर्थात कोलकात्याच्या पाठीशी भारत उभा होता, हेही विसरून चालणार नाही. पुढे बांगलादेश जन्माला आला आणि शहाबुद्दीन अमेरिकेत त्याचे राजदूत झाले. च्यॉ झ्वार मिन यांच्या वाट्याला अजून तसा दिवस आलेला नाही.

तिसरी वाट गप्प राहून काम करत राहण्याची. तिला सरसकट भ्याडपणा म्हणणं मला पटत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं, तरी दिल्लीतला अफगाण दूतावास फरीद मामुंदझाई यांच्या नेतृत्वाखाली जुन्या प्रजासत्ताकाचा तिरंगी झेंडा लावून दोन वर्षं चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी तो कायमचा बंद केल्याचं जाहीर केलं. मुंबई आणि हैदराबादच्या वाणिज्य दूतावासांनी मात्र काम चालूच ठेवण्याचं ठरवलं. पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्याच्या पासपोर्टची मुदत संपली, तर त्याला तत्त्वनिष्ठ पण बंद दार उपयोगाचं नाही. शिक्का मारणारा माणूस लागतो.

माझ्या लेखी या वाटेची मर्यादा एकच. कागदपत्रं देण्यापुरतं थांबता येतं. ज्या दिवशी तेच कार्यालय परदेशात आलेल्या आपल्याच विरोधकांची नावं मायदेशी कळवायला सांगेल, त्या दिवशी राजीनामा द्यायला हवा, आणि त्यासाठी घरच्यांना आधीच मायदेशातून बाहेर काढलेलं असायला हवं.

मुंबईतही पुढे चित्र बदललं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तालिबाननं इक्रामुद्दीन कामिल यांना तिथले कार्यवाहक वाणिज्यदूत नेमलं. त्यांचं उच्च शिक्षण भारतातच झालेलं आहे.