मॅनेजरांना ऑर्केस्ट्रात बसवणारी कार्यशाळा: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

कंपन्यांच्या वरिष्ठ मंडळींना सिंफनी ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरकडून, म्हणजे छडी हलवून वादकांना चालवणाऱ्याकडून, नेतृत्व शिकवायची सेवा साधारण तीन प्रकारांत मिळते. एकात कंडक्टर भाषण देतो आणि नामवंत कंडक्टरांच्या चित्रफिती दाखवतो. दुसऱ्यात वादकांच्या मधोमध खुर्च्या टाकून मॅनेजरांना बसवतात आणि समोर तालीम चालते. तिसऱ्यात मॅनेजरच्याच हातात छडी देतात. यांत दुसरा प्रकार सरस, पण तोही योग्य जागी बसवलं तरच.

बसायच्या जागेतच बहुतेक आयोजक माती खातात. पाहुण्यांना मानाने पुढे, व्हायोलिनच्या आसपास बसवलं जातं. तिथून सगळं गोड ऐकू येतं आणि कळत काहीच नाही. मागे, टिंपनी (मोठे नगारे) आणि फ्रेंच हॉर्न (पितळी फुंकवाद्य) यांच्या शेजारी बसलं की चित्र पालटतं. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. टिंपनीवादक पहिल्या व्हायोलिनपासून 15 मीटर लांब असेल, तर त्यांचा सूर त्याला 44 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तो कानावर विसंबून वाजवायला लागला, तर त्याचा ठोका पुढे पोहोचायला आणखी 44 जातात. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत पाव मात्रा 125 मिलिसेकंदांची असते. त्यात 88 ची चूक लपत नाही. हॉर्नचं तर तोंडच मागे वळलेलं, त्याचा सूर बराचसा मागच्या भिंतीवरून परतून येतो. म्हणून मागचे वादक कानाला पटतं त्याच्या किंचित आधी, छडीकडे बघून वाजवतात. मुख्य कार्यालयात घेतलेला निर्णय दूरच्या शाखेला कधी आणि कसा ऐकू येतो, हे स्लाइडवर बघण्यापेक्षा त्या खुर्चीत पाच मिनिटं बसणं परवडलं. दर पंधरा-वीस मिनिटांनी खुर्च्या बदलायच्या, ही अट आधीच घालून ठेवा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे छडी खाली येण्याआधीची तिची उचल. छडी समेवर येईपर्यंत वादकांचं ठरून गेलेलं असतं. लय, जोर आणि सुराचा पोत हे तिन्ही त्या एका उचलीत सांगावं लागतं; फुंकवाद्यांचे वादक श्वासही तेव्हाच घेतात. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात यासाठी फार उपयोगी पडते. ती सुरू होते शांततेने: दोन मात्रांच्या आवर्तनात पहिली अर्धी मात्रा रिकामी, मग तीन झपझप सूर, मग एक लांब धरलेला. बेथोव्हेनने दिलेल्या 108 च्या गतीने ते पहिलं आवर्तन 0.56 सेकंदात संपतं. उचल डळमळली की काही जण घुसतात, काही थबकतात, आणि तीन सुरांचे पाच ऐकू येतात. मग कंडक्टर तीच उचल मनगट आखडून, घाईने, बिचकत करून दाखवतो आणि तोंडातून शब्द न काढता आवाज बदलतो. वादकांनी हे आधी ठरवून ठेवलंय का, अशी शंका आली तर खुशाल क्रम उलटा करायला सांगा, वादकांना पत्ता लागू न देता.

तालीम थांबल्यावर कंडक्टर काय बोलतो, ते शब्दशः लिहून घ्या. कामाची सूचना अशी असते: 'सी या खुणेपासून चौथं आवर्तन, दुसरी व्हायोलिन आणि व्हायोला, जरा हलकं, ओबो झाकला जातोय.' (सी ही वादकांच्या कागदावरची खूण, व्हायोला म्हणजे जरा मोठं व्हायोलिन, ओबो हे फुंकवाद्य.) कुठे, कोणी, काय आणि का, सगळं दहा सेकंदांत. यातला शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. वादकापुढे फक्त त्याच्या वाद्याचे कागद असतात; सगळ्यांचं मिळून लिहिलेलं फक्त कंडक्टरपुढे. चाल त्या क्षणी ओबोकडे आहे, हे व्हायोलाला कागदावरून कळायची सोय नसते. कारण न देता नुसतं 'पुन्हा एकदा' म्हटलं, की वादक तेच पुन्हा वाजवतात, फक्त जरा कंटाळून. कार्यशाळेत हे दोन्ही एकापाठोपाठ ऐकवत नसतील तर तिचा गाभाच गेला.

छडी हातात देणारा प्रकार फोटोपुरता. नवखा माणूस हात हलवतो, मग आवाज येण्याची वाट बघतो, वादक त्याची वाट बघतात, आणि लय खाली खाली जाते. दोन्ही हात आरशासारखे हलत असल्याने डाव्या हाताने जोर किंवा प्रवेश दाखवायचा राहूनच जातो. हे लक्षात आलं की वादक गुपचूप कॉन्सर्टमास्टरच्या, म्हणजे मुख्य व्हायोलिनवादकाच्या, गजाकडे बघून वाजवतात, तुकडा तडीस जातो, टाळ्या पडतात. कामाचं श्रेय भलत्याला, हा अनुभव मंडळींना बहुधा घरचाच असावा. वादकांना 'हात दाखवेल तसंच वाजवा, सांभाळून घेऊ नका' असं आधी बजावलं, तर मात्र सात-आठ आवर्तनांत सगळं कोसळतं. तेवढं पाहण्यासारखं असतं.

भाषणाच्या प्रकारात अमेरिकी कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन यांची चित्रफीत अनेकदा असते: व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्रापुढे उभे राहून हायडनच्या 88 व्या सिंफनीचा शेवटचा भाग ते हात न हलवता, भुवया आणि ओठांवर चालवतात. यावरून 'माणसांना मोकळं सोडा' असा धडा काढला जातो. तो तुकडा त्याच मैफलीत नुकताच वाजवून झाला होता आणि हे त्याचं पुन्हा वादन होतं, ही गोष्ट मात्र वगळली जाते. सगळं बसलेलं असताना हात खाली ठेवणं वेगळं.

आणखी एक गोष्ट विक्रेते टाळतात: कंडक्टरशिवायही ऑर्केस्ट्रा चालतात. मॉस्कोत 1922 ते 1932 पर्सिम्फान्स होता, न्यूयॉर्कचा ऑर्फियस 1972 पासून वाजवतोय. किंमत तालमींत मोजावी लागते, कारण प्रत्येक निर्णय चर्चेतून होतो. याबद्दल विचारल्यावर सांगणारा गडबडला, तर त्याला तयार उत्तरंच विकायची आहेत असं समजा. ऑर्केस्ट्राकडे संपूर्ण लिहिलेली संहिता असते, धंद्याकडे नसते, हा फरकही त्याने आपणहून सांगायला हवा.

ठरवताना 25 ते 40 वादक, त्यांच्याहून कमी पाहुणे, साधारण दहा मिनिटांची एकच रचना आणि मधल्या सुटीसकट अडीच तास एवढं मागा. शेवटचा अर्धा तास प्रश्नोत्तरांना ठेवा, आणि त्या वेळी कंडक्टरला बाहेर चहाला पाठवा. वादक खरं बोलायला लागतात ते त्यानंतर.